विस्तवाला माप देणारा माणूस

विस्तव ओळखावा तो डोळ्यांनी, अशी आपल्याकडच्या कारागिराची जुनी शिकवण. भात्यासमोर बसलेला लोहार लोखंडाचा रंग पाहतो. आधी काळपट तांबडा, मग लालभडक, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा. आणि नेमक्या क्षणी ते सांडशीने ओढून ऐरणीवर घेतो. विळ्याकोयत्याला पाणी कधी पाजायचे, हेही त्याला रंगच सांगतो. ही दृष्टी बापाकडून मुलाकडे येते. आणि मुलगा नसला, तर बापाबरोबरच जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातल्या प्रचंड पोलादी कारखान्यांची स्थितीही फारशी निराळी नव्हती. आगगाडीचे रूळ मैलोगणती निघत; पण भट्टीच्या पोटात धग किती आहे, हे सांगायला अखेर एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीचा डोळाच लागे. पाऱ्याचा तापमापक तिथे टिकावा कसा? पारा ३५७ अंशांवरच उकळतो! या विस्तवाला ज्याने भरवशाचे माप दिले, त्या आंरी ल शातलिए नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची हकीकत घरोघर पणत्या लागलेल्या या दिवसांत सांगावीशी वाटते.

त्याचा जन्म ८ ऑक्टोबर १८५० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील लुई हे खाणखात्यातले मोठे इंजिनियर. फ्रान्समधला ॲल्युमिनियमचा धंदा नुकता पाळण्यात होता, पोलादाची नवी भट्टी जन्म घेत होती. दोहोंशी त्यांचा निकटचा संबंध. आई कडक शिस्तीची. वेळेवर उठावे, ताटातले सारे संपवावे, अभ्यास चुकवू नये, हे वळण मुलाच्या अंगी जन्मभर राहिले. खाणविद्येच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथेच १८७७ साली रसायनशास्त्र शिकवू लागला.

त्या काळी कोळशाच्या खाणींत जळाऊ वायूचे स्फोट होत आणि मजुरांचे संसार धुळीस मिळत. सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या कामात ल शातलिए आणि त्याचे वडीलधारे सहकारी मलार यांनी वायू किती अंशांना पेटतो, ज्वाला किती वेगाने धावते, याचे प्रयोग केले. प्रत्येक वेळी अडचण एकच: एवढी उष्णता मोजायची कशी?

दोन निराळ्या धातूंच्या तारा जोडून सांधा तापवला, की तारांतून विजेचा बारीक प्रवाह वाहतो, हे झेबेकने १८२१ सालीच दाखवले होते. परंतु त्यावरून धग मोजू गेल्यास दर वेळी उत्तर निराळे येई. म्हणून जाणत्यांनीही त्याचा नाद सोडला होता. ल शातलिएने ताडले, की दोष युक्तीचा नव्हे, तारांचा आहे. त्याने एक तार शुद्ध प्लॅटिनमची घेतली, दुसरी शेकडा १० भाग ऱ्होडियम मिसळलेल्या प्लॅटिनमची. गंधक उकळण्याची उष्णता, सोने वितळण्याची उष्णता, अशा ठाम खुणांशी त्याने काटा ताडून पाहिला. काटा खरे बोलू लागला! हे साल १८८६-८७ चे. पुढे १९२७ पासून १९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत सुमारे ६३० अंशांपासून सोन्याच्या वितळबिंदूपर्यंतचे प्रमाण याच तारांच्या जोडीने ठरत असे.

याच तारा घेऊन ओस्माँने निवत्या पोलादाची धग मोजली. ती एकसारखी उतरत नाही, ठराविक जागी अडखळते, असे त्याला दिसले. तिथे पोलादाची आतली घडणच पालटत असते. लोहार रंगावरून ज्या क्षणाची वाट पाहतो, तो या पालटाशी बांधलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोळ्याला आकड्याची साक्ष मिळाली.

ल शातलिएचे नाव शाळेच्या पुस्तकांत आहे ते मात्र समतोलाच्या तत्त्वामुळे. १८८४ साली त्याने ते मांडले. समतोलात असलेल्या रासायनिक क्रियेवर बाहेरून दाब वा उष्णता वाढवली, तर ती क्रिया तो बदल कमी करणाऱ्या दिशेला कलते. याचा लोखंडाशी काय संबंध? झोतभट्टीत कोक जळून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि तो धातुकातला ऑक्सिजन ओढून घेतो. पण भट्टीच्या तोंडाशी तो पुष्कळसा तसाच निसटे. धातुकाशी गाठ पडायला त्याला वेळ पुरत नसेल, अशा समजुतीने इंग्लंडात ३०-३० मीटर उंच भट्ट्या बांधल्या गेल्या. पैसा पाण्यासारखा गेला. वायू तेवढाच निसटत राहिला. ल शातलिएने सांगितले, की ही क्रिया समतोलाशी येऊन थांबते. भट्टी उंच करून ती पुढे सरकणार नाही. आधी गणित केले असते, तर खर्च वाचला असता. धातूच्या कारखान्यात भौतिक रसायनाला मानाचे पान मिळाले ते अशा हिशेबांनी.

त्याचे हात सतत कामात असत. धातूचा घासलेला पृष्ठभाग खालून पाहता येईल, असा उलटा सूक्ष्मदर्शक त्याने बनवला. १९०४ साली धातुविद्येला वाहिलेले नियतकालिक काढले. ॲसिटिलीन शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळले, तर ज्वाला ३००० अंशांच्या वर जाते, हे त्याने १८९५ साली दाखवले. आज गावोगावच्या दुकानांत नांगराचा फाळ नाहीतर सायकलची नळी सांधणारी गॅस वेल्डिंगची निळी ज्योत ती हीच.

आणि आता त्याच्या आयुष्यातले दुखरे पान. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला तेच सर्वांत जवळचे वाटते. आपल्या तत्त्वावरून त्याने ताडले होते, की दाब वाढवला तर नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होईल, म्हणजे हवेतून खत निघेल! १९०१ साली त्याने लोखंडाच्या सान्निध्यात, २०० वातावरणांच्या दाबाखाली, ६०० अंशांवर प्रयोग लावला. भयंकर स्फोट झाला. मदतनीस मरता मरता वाचला. ल शातलिएने प्रयोग सोडून दिला. उपकरणात हवा शिरली होती, एवढेच कारण. ते त्याला पुढे कळले. तोवर मन दुसरीकडे वळले होते. १९०९ साली जर्मनीत हाबरने तीच वाट चालून यश मिळवले, आणि १९१३ साली कारखानाही उभा राहिला. त्या अमोनियाने शेते पिकवली आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीला दारूगोळाही पुरवला. एका फ्रेंच माणसाला याचे शल्य किती असेल!

झेबेकच्या युक्तीने दगा दिला म्हणून इतरांनी ती टाकली, तेव्हा दोष कुठे आहे ते शोधत बसला तो ल शातलिए. तोच एका स्फोटानंतर उठून गेला. याला भित्रेपणा म्हणायला माझे मन धजत नाही. समोर आपला माणूस जखमी होऊन पडला असता काट्याकडे पाहणे सोपे नसते.

१९३६ साली तो वारला. अखेरच्या वर्षांत त्याने स्वतःच लिहून ठेवले, की अमोनियाचा शोध आपण हातचा घालवला आणि शास्त्रीय आयुष्यातली ही आपली सर्वांत मोठी चूक. दैव आडवे आले, असे तो म्हणू शकला असता. मदतनीसाकडे बोट दाखवू शकला असता. जन्मभर विस्तवाचे माप घेणाऱ्याने आपल्या चुकीचेही माप घेतले, आणि ते तसूभरही कमी दाखवले नाही.