लोखंड खाऊन तांबं कोरणारा कारागीर

आजच्या गोष्टीतल्या कारागिराकडे ना छिन्नी आहे, ना लेथ मशीन. त्याची लांबी आहे मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग. तो एक जिवाणू आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कोळसा खाणींपाशी. तिथून आंबट, तांबूस पाणी वाहायचं आणि ओढ्यांमधले मासे मरायचे. खडकातल्या लोह-गंधकाला हवा-पाणी लागलं की आम्ल बनतं, एवढंच कारण लोक धरून चालले होते. १९४७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कोल्मर आणि हिंकल या संशोधकांनी दाखवलं की यात जिवाणूंचा हात आहे. १९५१ मध्ये त्याचं बारसं झालं: थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. म्हणजे लोखंडाचं ऑक्सिडीकरण करणारा.

हा गडी पाण्यात विरघळलेल्या फेरस लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि त्यावर जगतो. उरतं फेरिक लोह. ते समोरच्या तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढतं, तांबं विरघळतं, आणि लोह पुन्हा फेरस होतं. जिवाणूचं ताट परत वाढलेलं! तुमच्यापैकी कुणी फेरिक क्लोराइड वापरून पीसीबी बनवला असेल, तर तांबं विरघळतं ते असंच. फरक इतकाच की तिथं द्रावण संपत जातं, इथं जिवाणू ते ताजं करत राहतो.

खाणवाल्यांनी हे लगेच हेरलं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या केनेकॉट कंपनीने खनिजातून धातू काढण्यासाठी या जिवाणूच्या वापराचं पेटंट मिळवलं. पुढं १९९० च्या दशकात जपानमध्ये उनो, कानेदा आणि योकोमिझो यांनी थेट धातूचा तुकडाच त्याच्यापुढं ठेवला. नको तो भाग झाकायचा, उघडा भाग जिवाणूंच्या द्रावणात सोडायचा. ना उष्णता, ना हत्याराचा दाब. या पद्धतीला नाव मिळालं बायोमशीनिंग.

अडचणीही आहेत. काम कूर्मगतीने चालतं. खोलीबरोबर बाजूनेही धातू झिजतो, त्यामुळे कडा सरळ येत नाहीत. आणि शेवटी हातात उरतं तांबंमिश्रित आम्लपाणी.

मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ओढ्यातले मासे मारणाऱ्या पाण्यामागे आणि टाकीतल्या नाजूक नक्षीमागे जिवाणू एकच आहे. त्याला खाण कळत नाही, कारखाना कळत नाही. म्हणून कुणी याला ‘हरित तंत्रज्ञान’ म्हटलं, तर एक प्रश्न नक्की विचारा: काम झाल्यावर ते पाणी कुठं जातं?