मुखवट्यामागचा चेहरा

ज्यांचे बालपण सत्तरच्या दशकात नागपुरात गेले, त्यांना इंद्रजाल कॉमिक्सची ओळख करून द्यायला नको. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघत असे आणि १९९० पर्यंत चालली. महालातल्या आमच्या टोळीत एकेक अंक शिवण उसवेपर्यंत फिरे. जादूगार मँड्रेकही त्यात असे. पण खरा राजा वेताळच. पुढे बिली झेनचा 'द फँटम' (१९९६) टीव्हीवर पाहिला, तेव्हा जुन्या टोळीने एकमुखाने निकाल दिला : हा काही आपला वेताळ नव्हे.

का नव्हे, हे मात्र कोणालाच सांगता येईना. झेनने भूमिकेसाठी शरीर कमावले होते. जांभळा वेश होता, कवटीची अंगठी होती. चड्डीवरचे पट्टे तेवढे गाळले होते. पण तेवढ्याने माणूस परका होत नाही.

वास्तविक साम्य शोधायचे तरी कशाशी? ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेल्या या नायकाचा उघडा चेहरा वाचकाला दिसतच नाही. मुखवट्याच्या फटींत बुबुळेही काढलेली नसतात. १९४३ च्या पंधरा भागांच्या चित्रमालिकेत टॉम टायलर वेताळ झाला. बांध्याने तो चित्राच्या बराच जवळ होता. पण मुखवट्यातून त्याचे डोळे दिसत, आणि डोळे दिसले की माणूस दिसतो.

इतर महानायकांची गोष्ट निराळी. त्यांना चेहरा असतो, आणि पुष्कळदा तो पडद्यावरूनच उसना आणलेला असतो. टायलरने १९४१ साली कॅप्टन मार्व्हल रंगवला. त्या कॅप्टनचा चेहरा चित्रकार सी. सी. बेक यांनी फ्रेड मॅकमरी या नटावरून बेतला होता, असे सांगतात. २००२ मध्ये 'द अल्टिमेट्स'मधला निक फ्युरी सॅम्युएल एल. जॅक्सनसारखा काढला गेला आणि २००८ मध्ये जॅक्सननेच ती भूमिका केली. चित्र नटासारखे, मग नट चित्रासारखा!

आपल्याकडे याहून मोठे उदाहरण आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट. पण पुढे कित्येक मराठी मनांत तुकोबा म्हणजे पागनीसांचीच मुद्रा होऊन बसली. मूळ चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. रिकामी जागा नटाने भरली आणि लोकांनी ती कृतज्ञतेने स्वीकारली.

मग वेताळाची रिकामी जागा झेनला का भरता आली नाही? आमच्या मते, तुकोबांचा चेहरा नसणे ही उणीव होती. वेताळाचा चेहरा नसणे ही कथेची अट आहे. वेताळ एक नव्हेच. १५३६ पासून बापामागून मुलगा तोच वेश चढवतो. एकवीस पिढ्या झाल्या, तरी जंगलाला वाटते हा एकच अमर पुरुष. म्हणजे वेताळ ही मुळातच एक भूमिका, आणि चेहरा झाकलेला आहे तोवरच ती वठते. तिथे नट जितका ओळखीचा, तितका वेताळ मर्त्य.

टोळीचा निकाल बरोबरच होता. फक्त एक गोष्ट तेव्हा उमगली नव्हती : 'आपला वेताळ' असा एक कधी नव्हताच. मुखवट्यामागे आम्ही प्रत्येकाने आपापला चेहरा ठेवला होता, आणि तो इतकी वर्षे एकमेकांना कधी सांगितला नव्हता.