किंग स्ट्रीटवरील ३८ क्रमांकाचे घर

लंडनमधील कॉव्हेंट गार्डन हा भाग १९७४ सालापर्यंत फळे, फुले आणि भाजीपाला यांच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध होता. त्या बाजाराला लागून किंग स्ट्रीट नावाचा रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर ३८ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे स्टीव्हन्स नावाच्या लिलावदारांचे दालन होते. ऑर्किडची रोपे, पेंढा भरलेले प्राणी, नामशेष झालेल्या ग्रेट ऑक पक्ष्याची अंडी, वसाहतींतून आणलेल्या मूर्ती, मुखवटे व शस्त्रे यांची तेथे बोली लागत असे. १८९७ साली ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातील बेनिन नगरी लुटली. तेथील राजवाड्यातून आलेल्या वस्तूही याच दालनात विकल्या गेल्या. साठ-सत्तर वर्षांनी हेच घर लंडनमधील आफ्रिकन माणसाचे हक्काचे घर झाले आणि त्याच्या भिंतींनी आफ्रिकेचे ढोल ऐकले. हा बदल घडविण्यात कॅथॉलिक ख्रिस्तसभेचा मोठा वाटा होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, कार्डिनल हिन्स्ली यांनी इंग्लंडमध्ये एक प्रापंचिकांची चळवळ सुरू केली होती. संत पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील शब्द घेऊन तिला ‘आत्म्याची तलवार’ असे नाव देण्यात आले होते. मार्गारेट फीनी या त्या संस्थेच्या चिटणीस. १९६० च्या सुमारास आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र होत होते आणि तेथील विद्यार्थी, परिचारिका, कायदेपंडित व राजकीय कार्यकर्ते लंडनला येत होते. त्यांना कोणी दयाबुद्धीने वागवू नये, बरोबरीच्या नात्याने बसता-बोलता येईल अशी एक जागा असावी, हा विचार फीनीबाईंनी धरला. ख्रिस्तसभेने ३८ क्रमांकाची इमारत आफ्रिकेच्या जनतेसाठी कायमची म्हणून दिली. १९६४ साली झांबियाचे केनेथ काउंडा यांच्या हस्ते ‘आफ्रिका सेंटर’चे उद्‍घाटन झाले. फीनीबाईंनी पुढे १९७८ पर्यंत त्याचा कारभार पाहिला. ज्यांनी घर दिले त्यांनी येथे धर्मांतराचा फलक लावला नाही. मुसलमान, प्रॉटेस्टंट, नास्तिक, सर्वांना दार उघडे होते. मला यात त्या काळच्या ख्रिस्तसभेचा मोठा सुज्ञपणा दिसतो.

आफ्रिकेचे सूर लंडनला त्यापूर्वीच पोहोचले होते, आणि तेही भजनाच्या रूपाने. नायजेरियातील अँग्लिकन धर्मगुरू जे. जे. रॅन्सम-कुटी यांनी १९२२ साली लंडनला येऊन योरुबा भाषेतील आपली भक्तिगीते ध्वनिमुद्रित केली. त्यांचा नातू फेला १९५८ साली शिक्षणासाठी त्याच शहरात आला. घरच्यांच्या मनात त्याने वैद्यक शिकावे असे होते. त्याने ट्रिनिटी कॉलेजात जाऊन संगीत शिकले आणि रात्री मित्रांबरोबर वाद्यवृंद उभा केला. हाच पुढे जगप्रसिद्ध झालेला फेला कुटी. आजोबांची भजने आणि नातवाचे लष्करशहांना झोंबणारे संगीत यांत फार अंतर आहे. तरीही एकाच घराण्यातील दोन पिढ्यांनी या एका शहराचा उपयोग किती वेगळ्या रीतीने केला, हे पाहण्यासारखे आहे.

फेला आला तेव्हा सोहो भागातील रात्रींना आफ्रिकन संगीताची ओळख झालेली होती. लेगॉसचे ॲम्ब्रोझ कॅम्पबेल यांनी महायुद्ध संपता संपता ‘वेस्ट आफ्रिकन रिदम ब्रदर्स’ हा वाद्यवृंद बांधला. १९४६ साली ‘ले बाले नेग्र’ या कृष्णवर्णीय नृत्यसंघाला त्यांनी साथ केली आणि पुढे सोहोतील अबालाबी क्लबात त्यांचे वादन नियमित होऊ लागले. ते ज्या धाटणीचे संगीत वाजवीत तिच्या जवळचा प्रकार म्हणजे ‘हायलाइफ’. घाना देशाच्या किनाऱ्यावरील किल्ल्यांत पलटणींचे ब्रास बँड होते, बंदरांत खलाशांच्या गिटारी होत्या, मिशनच्या शाळांत भक्तिगीते होती आणि गावोगाव ढोल होतेच. या सर्वांच्या मिश्रणातून हे संगीत तयार झाले. बड्या लोकांच्या क्लबांबाहेर उभे राहून आतला थाट पाहणाऱ्या गरिबांनी त्याला ‘उच्च राहणी’ या अर्थाचे हे नाव दिले. लग्नाच्या वरातीत आणि सणाच्या मिरवणुकीत ब्रास बँड ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे मिश्रण मुळीच परके वाटणार नाही.

दुसरा प्रवाह वेस्ट इंडीज बेटांवरून आला. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदरात लागली. तिच्यावर हजाराहून अधिक प्रवासी होते. त्यांतील एक त्रिनिदादचे कॅलिप्सो गायक ऑल्डविन रॉबर्ट्स, म्हणजेच ‘लॉर्ड किचनर’. वार्तापटाच्या कॅमेऱ्यापुढे त्यांनी लंडनची स्तुती करणारे आपले गीत म्हणून दाखविले. त्या शहरात अजून त्यांनी पाऊल ठेवायचे होते! पुढचा अनुभव त्या गीताइतका गोड नव्हता. भाड्याची खोली मागायला गेलेल्या काळ्या माणसाच्या तोंडावर दार लावले जाई, नृत्यगृहांत प्रवेश नाकारला जाई, आणि १९६५ पर्यंत सार्वजनिक ठिकाणच्या अशा भेदभावाला कायद्याने बंदी नव्हती. घरे व नोकऱ्यांच्या बाबतीत तर १९६८ उजाडावे लागले. अशा स्थितीत तळघरातील छोटा क्लब किंवा कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत शनिवारी रात्री होणारी गाण्याची मैफल ही चैनीची बाब राहत नाही. आठवडाभर सोसलेला अपमान उतरविण्याची ती जागा असते. या रात्रींकडे ‘धांगडधिंगा’ म्हणून पाहणाऱ्या सज्जनांनी एवढे ध्यानात घ्यावयास हवे होते.

१९५० च्या जून महिन्यात लॉर्ड्‌स मैदानावर वेस्ट इंडीजने इंग्लंडचा ३२६ धावांनी पराभव केला. इंग्लंडच्या भूमीवरील तो त्यांचा पहिला कसोटी विजय होता. सॉनी रामाधीन यांनी ११ बळी घेतले आणि आल्फ व्हॅलेंटाइन यांनी ७. रामाधीन हे त्रिनिदादच्या भारतीय वंशाच्या घरातले, हे आपल्याकडील क्रिकेटप्रेमींना सांगावयास नकोच. सामना संपताच लॉर्ड किचनर गिटार घेऊन मैदानात उतरले आणि गात नाचत निघालेली त्यांची मिरवणूक पुढे पिकॅडिलीपर्यंत गेली. पुढल्याच वर्षी ब्रिटन महोत्सवासाठी त्रिनिदादहून पोलादी ढोलांचा एक वाद्यवृंद आला. टाकून दिलेल्या तेलाच्या पिंपांची तोंडे ठोकून त्यांतून स्वरसप्तक काढणारे हे वादक पाहून लंडनकर थक्क झाले. या वाद्यामागे एक कथा आहे. १८८० च्या दशकात त्रिनिदादमधील ब्रिटिश सरकारने ढोलावर निर्बंध आणले. लोकांनी मग बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, आणि पुढच्या पिढीने बिस्किटांचे डबे व पिंपे हाती घेतली.

हे ढोल ज्या उत्सवात वाजतात तो कार्निव्हल मुळात आपल्या उपासनावर्षाशी बांधलेला आहे. १७८३ साली स्पेनच्या राजाने त्रिनिदादमध्ये वसाहतीसाठी जमिनी देऊ केल्या, पण अट अशी की येणारा कॅथॉलिक असला पाहिजे. तेव्हा जवळपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह तेथे आले. राखेच्या बुधवारपूर्वीचे त्यांचे मुखवट्यांचे नाच गुलाम दुरून पाहत. १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाल्यावर रस्ता त्यांचा झाला आणि उत्सवही. गोव्याचा कार्निव्हल पाहिलेल्यांना या उत्सवाचे प्रायश्चित्तकाळाशी असलेले नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

लंडनला मात्र हा उत्सव दुःखातून आला. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस नॉटिंग हिल भागात गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडियन वस्तीवर हल्ले केले. ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ या पत्राच्या संपादिका क्लॉडिया जोन्स यांनी त्यावर उत्तर शोधले ते ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रस नगरभवनात भरविलेल्या कार्निव्हलचे. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून सारा सोहळा छताखाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात केल्सो कॉक्रेन या अँटिग्वाच्या तरुण सुताराचा नॉटिंग हिलमध्ये खून झाला. त्याच्या मारेकऱ्यांना कधीच शिक्षा झाली नाही. जोन्सबाईंचे कार्निव्हल पुढेही चालू राहिले. त्या कट्टर साम्यवादी होत्या आणि त्यांनी हाती घेतलेला उत्सव कॅथॉलिक पंचांगातला होता! इतिहासाला अशी गंमत करण्याची सवयच आहे. १९६६ साली समाजसेविका रॉन लॅस्लेट यांनी नॉटिंग हिलच्या मुलांसाठी रस्त्यावरील जत्रा भरविली. एका पबमध्ये दर रविवारी वाजविणारे रसेल हेंडरसन आपले पोलादी ढोल गळ्यात अडकवून तेथे आले आणि सहज म्हणून वस्तीतून चालू लागले. मागोमाग लोक चालू लागले. आज ऑगस्टच्या शेवटी भरणाऱ्या प्रचंड कार्निव्हलचे मूळ त्या फेरफटक्यात आहे. इंग्लंडच्या हवामानामुळे प्रायश्चित्तकाळाशी असलेला त्याचा धागा तेवढा तुटला.

ढोलाविषयी ख्रिस्तसभेची वृत्ती कशी होती, हेही येथे सांगितले पाहिजे. अनेक मिशनऱ्यांना ढोल म्हणजे मूर्तिपूजकांचे वाद्य वाटे आणि मंदिराच्या आवारात त्याला मज्जाव असे. पण सर्वच तसे नव्हते. काँगोमध्ये कामिना येथे गिदो हाझन या बेल्जियन फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मुलांचा गायकवृंद उभारला आणि लॅटिन मिस्सेचे शब्द तेथील लोकसंगीतात बसविले. १९५८ च्या सुमारास गायिलेली ही ‘मिसा लुबा’ युरोपभर ऐकली गेली. १९६८ सालच्या ‘इफ’ या इंग्रजी चित्रपटात तिचा ‘सांक्तुस’ वापरलेला आहे. मधल्या काळात, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीताला योग्य मान दिला जावा, असे स्पष्ट म्हटले. किंग स्ट्रीटचे घर उघडले ते त्याच्या पुढच्याच वर्षी.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतून ‘ब्लू नोट्स’ हा जॅझ वाद्यवृंद बाहेर पडला. क्रिस मॅकग्रेगर गोरे, बाकीचे ड्यूडू पुक्वाना, मोंगेझी फेझा आदी साथीदार काळे. एका व्यासपीठावर एकत्र वाजविणे त्यांच्या मायदेशात गुन्ह्यासारखे झाले होते. १९६४ साली फ्रान्समधील एका महोत्सवाचे निमित्त करून ते निघाले आणि पुढल्या वर्षी लंडनला स्थिरावले. १९७३ साली जूलियन बाहुला हे ढोलवादक आले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘हंड्रेड क्लब’मध्ये शुक्रवारच्या रात्री त्यांनी आफ्रिकन वाद्यवृंदांना मंच मिळवून दिला. १७ जुलै १९८३ रोजी, नेल्सन मंडेला यांच्या ६५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, बाहुलांच्या पुढाकाराने अलेक्झांड्रा पॅलेस येथे मैफल झाली. ती ऐकायला जेरी डॅमर्स हा इंग्रज संगीतकार आला होता. मंडेलांचे नाव त्याला तोवर जवळजवळ अपरिचित होते. १९८४ साली त्याने रचलेले मंडेलांच्या मुक्तीचे गीत ब्रिटनभर गाजले. राजकीय सभांनी जे वीस वर्षांत साधले नाही ते गाण्याने साधले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्यांनी कधी सभा ऐकली नव्हती त्यांच्यापर्यंत एका कैद्याचे नाव पोहोचले ते या रात्रींमुळे.

१९८३ हेच किंग स्ट्रीटच्या घराच्या भरभराटीचेही वर्ष. झिंबाब्वेचे वाला डांगा यांनी तेथे ‘लिंपोपो क्लब’ सुरू केला. दर शुक्रवारी मुख्य दालनातील खुर्च्या बाजूला सारल्या जात आणि काँगोची गिटार, झिंबाब्वेचा एम्बिरा, सेनेगलचे ढोल यांनी ती जागा भरून जाई. पुढे जगभर नावाजलेले कितीतरी कलावंत इंग्लंडमधील श्रोत्यांना प्रथम भेटले ते अशाच छोट्या दालनांत. तळघरात ‘कॅलाबॅश’ नावाचे आफ्रिकन खाद्यगृह होते. वर वाद्ये, खाली जेवण, आणि जिन्यात राजकारण! हद्दपार झालेले कार्यकर्ते, लेखक, विद्यार्थी यांची त्या जिन्यात गाठ पडत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रविवारच्या रात्री तेथे जॅझी बी व त्यांचा ‘सोल टू सोल’ हा गट येऊ लागला. ही मुले लंडनमध्येच जन्मलेली, आईवडील वेस्ट इंडीजचे. १९८९ साली त्यांचे गीत ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आईवडिलांना ज्या शहराने खोली नाकारली होती, त्या शहराची तरुण पिढी त्यांच्या मुलांच्या तालावर नाचू लागली होती.

पण भाजीबाजार हलल्यावर कॉव्हेंट गार्डन श्रीमंतांचा झाला होता. जागेच्या किमती वाढल्या, जुन्या इमारतीची डागडुजी खर्चाची झाली, सरकारी अनुदाने आटली. विश्वस्तांनी इमारत विकण्याचे ठरविले, तेव्हा ‘कायमची’ म्हणून मिळालेली देणगी विकता येते का, असा सवाल घेऊन आफ्रिकन समाजातील अनेक जण उभे राहिले. मोहीम झाली, सह्या झाल्या. तरीही २०१३ साली ते घर एका मोठ्या मालमत्ता कंपनीच्या हाती गेले. विश्वस्तांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. गळके छप्पर भावनेने दुरुस्त होत नाही. परंतु समाजाला विश्वासात घेण्याआधी सौदा ठरू लागला, तर पैशाचा हिशेब बरोबर असूनही जखम राहते, हे धर्मग्रामांच्या जमिनी व जुन्या शाळा यांचे व्यवहार पाहिलेल्या कोणालाही कळेल.

विक्रीतून आलेल्या पैशांच्या आधारे संस्थेने टेम्स नदीपलीकडे, सदर्क भागातील ग्रेट सफोक स्ट्रीटवर स्वतःची वास्तू घेतली. मधली काही वर्षे संस्था पक्क्या घराविना होती. २०२२ साली नव्या आफ्रिका सेंटरचे दार उघडले. पाहायला आलेल्यांत किंग स्ट्रीटवर कधी पाऊल न टाकलेली तरुण मुले होती, आणि शुक्रवारच्या त्या रात्री आठवणारी वडीलधारी माणसेही होती.