न तुटलेला भाग कधी बदलावा? : पिकअपच्या पाट्यांमागचा इतिहास

१/ पिकअपचे मागचे पाटे बसू लागतात, शॉक अॅब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दिसतो, खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकाकडून खडखड ऐकू येते. गाडी मात्र चालतच असते. हे भाग आज बदलावेत की तुटेपर्यंत वाट पाहावी? प्रश्न गॅरेजातला असला, तरी त्याच्या उत्तराचा शोध एका रेल्वे अपघातापासून सुरू झाला.

२/ ८ मे १८४२. व्हर्सायमध्ये राजा लुई फिलिप याच्या सन्मानार्थ झालेला उत्सव पाहून लोक रेल्वेने पॅरिसला परतत होते. मेदों येथे पुढच्या इंजिनाचा आस मोडला. मागचे डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्यांचे दरवाजे बाहेरून बंद होते. किमान ५० प्रवासी मृत्युमुखी पडले. अंटार्क्टिकाच्या सफरीमुळे ख्यातनाम झालेले द्युमाँ द्युरव्हील हे पत्नी व मुलासह त्यांतच गेले.

३/ चांगल्या लोखंडाचा आस अचानक कसा मोडतो? दीर्घ वापराने लोखंडाचे ‘स्फटिक’ बनतात आणि ते ठिसूळ होते, असा तेव्हाचा प्रचलित समज होता. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने मोडलेले आस तपासले आणि १८४३ मध्ये निराळा निष्कर्ष मांडला. आसाची जाडी जेथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात बारीक भेग पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. मोडण्याचा क्षण हा त्या प्रक्रियेचा केवळ शेवट असतो.

४/ या प्रक्रियेला मोजमाप दिले ते प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी. धावत्या गाडीच्या आसांवर किती ताण येतो, हे त्यांनी मोजले. पुढे कार्यशाळेत नमुने फिरवत ठेवून ते लाखो वेळा वाकवले. एका झटक्यात जो ताण धातू सहज पेलतो, त्याहून पुष्कळ कमी ताणही वारंवार दिल्यास तो मोडतो, हे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले. हाच धातूचा थकवा. त्यांचे निष्कर्ष १८७० साली एकत्रितपणे प्रसिद्ध झाले.

५/ पिकअपच्या पाट्याचे आयुष्य नेमके असेच जाते. पोलादी पट्ट्यांच्या कमानी घोडागाडीकडून मोटारीकडे आल्या. १९१७ साली फोर्डने एक टन भारासाठी ‘मॉडेल टीटी’ ही चासी आणली. १९२५ मध्ये ‘मॉडेल टी’ला कारखान्यातूनच मालाचा हौदा बसवून २८१ डॉलरला विक्रीस काढले. या पहिल्या फोर्ड पिकअपला मागे मुद्दाम भक्कम पाटे दिलेले होते.

६/ पिकअपची अडचण तिच्या कामातच आहे. सकाळी भरलेली, दुपारी रिकामी. प्रत्येक फेरीला पाटा दबतो व उसळतो, प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. गंजाने पडलेला खळगा किंवा मधल्या बोल्टाचे भोक म्हणजे रँकिनचा तोच कोपरा. भेग बहुधा तेथूनच निघते. म्हणून पोलादी गोळ्यांचा मारा करून पाट्याचा पृष्ठभाग दाबून घेण्याची पद्धत रूढ झाली. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन यांनी या माऱ्याची तीव्रता मोजण्याची पट्टी तयार केली.

७/ शॉक अॅब्सॉर्बरची गोष्ट निराळी. आरंभी पाट्यांच्या आपसातील घर्षणानेच उसळी काहीशी आवरली जाई. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ट्रुफो-हार्टफर्ड यांचे घर्षणावर चालणारे शॉक आले, पुढे तेलाचे आले. शॉक क्वचितच एकदम मोडतो. तो रोज थोडा थोडा निकामी होतो. चालकाला त्या डुलण्याची सवय होत जाते आणि बिघाड लक्षातच येत नाही. टायरची ठिकठिकाणी झालेली विषम झीज मात्र तो उघड करते.

८/ तिसरा प्रकार केवळ झिजणाऱ्या भागांचा. १९५२ च्या लिंकन मोटारीत किंगपिनऐवजी बॉल जॉइंट आले आणि हळूहळू सर्वत्र पसरले. बॉल जॉइंटची झीज मोजता येते. चाक उचलून हलवले की किती ढिलाई आहे ते कळते. ती मर्यादेपलीकडे गेल्यावरही दुर्लक्ष केले, तर गोळा खोबणीतून निसटून चाकच कोलमडू शकते.

९/ मग सारेच भाग ठरावीक मुदतीला बदलावेत काय? विमान कंपन्या प्रथम तेच करीत. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी केवळ ११ टक्क्यांना वयाची मर्यादा लावून काही लाभ होण्यासारखा होता. डीसी-८ विमानाचे ३३९ भाग मुदतीने उघडले जात. नव्या विचाराने आखलेल्या डीसी-१० मध्ये असे भाग अवघे ७ उरले.

१०/ या अहवालाचा अर्थ अनेकदा ‘चालते आहे तोवर हात लावू नका’ असा लावला जातो. तो अपुरा आहे. वयानुसार खरोखर झिजणारे भाग बहुधा साधे, एकच काम करणारे असतात, हेही त्याच अहवालात नोंदवलेले आहे. पाटा, बुश, बॉल जॉइंट हे याच जातीचे. शिवाय नवा भाग बसवतानाच्या चुकीतूनही बिघाड उद्भवतो. नवे पाटे जागेवर बसताना यू-बोल्टचा ताण कमी होतो, म्हणून काही अंतराने ते पुन्हा आवळतात.

११/ १९७० च्या दशकात अमेरिकी मोटारींच्या काही बॉल जॉइंटांवर एक छोटा उंचवटा दिला जाऊ लागला. जॉइंट झिजला की तो आत सरकतो. तो खोबणीच्या पातळीला आला की भाग बदलायचा. न तुटलेल्या भागाचा निर्णय अंदाजावर न सोडता डोळ्यांना दाखवण्याचा हा साधा उपाय होता.

१२/ पिकअपवाल्यासाठी या इतिहासाचे सार तीन ओळींचे आहे. पाट्याला भेग दिसली की भार आणि अंतर यांचा हिशेब करीत बसू नये. तो बदलावा, आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी राहावी म्हणून जोडीने बदलावा. शॉकबाबत सवयीवर विश्वास न ठेवता गळती व टायर पाहावेत. जॉइंट आणि बुश यांची ढिलाई मोजावी.

१३/ मेदोंचा तो आस त्या रविवारी मोडला खरा. पण त्याची भेग त्याआधी कितीतरी फेऱ्या वाढत होती. तेव्हा ती कोठे शोधावी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आज गाडीखाली वाकून पाहणाऱ्याला ते ठाऊक असते.