चालणे, थायरॉइड आणि नागपूरची नोंदवही

१/ नागपुरात १९८० साली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित नोंदणी उभी केली होती; पुणे, औरंगाबाद आणि नागपूर ही तिची पुढची पावले. रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्यूनोंदी यांतून एकेक रुग्ण टिपला जाई : वय, लिंग, पत्ता, रोगाचा अवयव. थायरॉइडला तेथे जागा होती. रुग्ण रोज किती चालत असे, याला नव्हती.

२/ हा प्रश्न मात्र नवा नव्हता. १९२२ साली अमेरिकेतील सिव्हर्टसन आणि डालस्ट्रॉम यांनी मृत्यूच्या नोंदी व्यवसायांनुसार लावल्या. अंगमेहनतीच्या कामांत कर्करोगाचे मृत्यू कमी दिसले. पुढे कित्येक दशके या निष्कर्षाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

३/ विषयाला प्रतिष्ठा मिळाली ती हृदयरोगामुळे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. मग त्यांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, आणि चालक नोकरीला लागतानाच कमरेने रुंद असल्याचे आढळले! म्हणजे काम माणसाला घडवते, की माणूस आपल्याजोगे काम शोधतो? ही शंका या शास्त्राची पाठ आजही सोडत नाही.

४/ १९८४-८५ च्या सुमारास मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाबाबत हालचालीचा लाभ दिसू लागला. थायरॉइड मागेच राहिला.

५/ २०१६ मध्ये अमेरिका व युरोपातील सुमारे १४ लाख ४० हजार लोकांची माहिती एकत्र करून २६ प्रकारचे कर्करोग तपासले गेले. फावल्या वेळी अधिक व्यायाम करणाऱ्यांत १३ प्रकारांचा धोका कमी आढळला. थायरॉइड त्या तेरांत नव्हता. २०१२ आणि २०१३ मधील एकत्रित विश्लेषणांतूनही संरक्षणाचा स्पष्ट पुरावा मिळाला नव्हता. त्याच २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अतिरिक्त चरबीशी निगडित कर्करोगांत थायरॉइडचा समावेश केला. वजनाशी नाते आहे, व्यायामाशी मात्र दिसत नाही. हे कोडे कसे सोडवायचे?

६/ एक धागा दक्षिण कोरियात सापडतो. तेथे सोनोग्राफीची तपासणी सर्रास झाली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचे निदान सुमारे १५ पट वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. कधीही त्रास न देणाऱ्या सूक्ष्म गाठी शोधल्या जात होत्या. लोकांचे गळे कापले जात होते आणि मग जन्मभर गोळ्या. २०१४ मध्ये तेथील डॉक्टरांनीच याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

७/ आता फुटाळ्याला किंवा सेमिनरी हिल्सवर पहाटे फिरणारा नागपूरकर डोळ्यांपुढे आणावा. तोच दरवर्षी संपूर्ण तपासणीचे पॅकेज घेतो. त्याची निरुपद्रवी गाठ सापडते. कधीच तपासणीला न जाणाऱ्याची सापडत नाही. व्यायामाचा खरा लाभ असला तरी आकड्यांत तो असा झाकला जाऊ शकतो.

८/ दुसरी अडचण मला अधिक बोचते. या संशोधनातील बहुतेक प्रश्नावल्या ‘फावल्या वेळचा व्यायाम’ विचारतात. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये पाळीभर उभा राहणारा कामगार, मागावर हातपाय चालवणारा कोष्टी, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहणारी बाई : अशा प्रश्नावलीत हे सारे ‘व्यायाम न करणारे’ ठरतात. तिकडचे निष्कर्ष विदर्भाला जसेच्या तसे लावणे म्हणूनच धाडसाचे.

९/ थायरॉइडचा कर्करोग स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे तिप्पट आढळतो. ‘हातपाय हलवले असते तर’ हा टोमणाही बहुधा बाईलाच ऐकावा लागतो. त्याला वरच्या संशोधनात आधार नाही. नागपूरचे कर्करोग रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गावोगावी व्यायामाचा आग्रह धरत. १९६८ साली ते कर्करोगानेच गेले. बालपणी झालेला किरणोत्सर्ग हे या रोगाचे सिद्ध कारण. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर तेथील मुलांत ते जगाने पाहिले.

१०/ अलीकडे संशोधकांचा प्रश्नच बदलू लागला आहे : व्यायामाने रोग टळतो का, याबरोबरच शस्त्रक्रियेनंतर हार्मोनच्या गोळ्यांवर जगणाऱ्या रुग्णाचा थकवा त्याने हटतो का? कोरियात अशा रुग्णांना घरच्या घरी करण्याजोगे चालणे आणि हलके व्यायाम देऊन पाहिले गेले. थकवा व चिंता कमी झाल्याचे आढळले. अभ्यास लहान आहेत. पण येथे व्यायामाची विचारणा रुग्णाच्या पुढच्या दिवसांसाठी होते, मागच्या आयुष्याचा जाब म्हणून नव्हे.