सहा नद्या धाव (२०१७)

नद्यांच्या प्रदूषणाकडे व पाणीटंचाईकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी मिना गुली या ऑस्ट्रेलियन धावपटूने एकटीने पार पाडलेला दीर्घ पल्ल्याचा उपक्रम. २२ मार्च २०१७ रोजी, जागतिक जलदिनी, अमेरिकेतील लास वेगासहून धावेस प्रारंभ झाला. सांगता १ मे रोजी लंडनमध्ये झाली. ४० दिवसांत ४० मॅरेथॉन, म्हणजे सुमारे १,६८८ किमी. प्रतिस्पर्धी नव्हते, पदकेही नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सहाव्या उद्दिष्टाचा, म्हणजे स्वच्छ पाणी व स्वच्छतेचा, आग्रह धरण्यासाठी सहा खंडांतील सहा नद्या निवडल्या होत्या : कोलोरॅडो, ॲमेझॉन, मरे-डार्लिंग, यांगत्से, नाईल आणि टेम्स.

ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. शेती व शहरांसाठी होणाऱ्या उपशामुळे कोलोरॅडोचे पाणी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. याउलट टेम्स १९५७ साली जैविकदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. सांडपाण्यामुळे लंडनलगतच्या प्रवाहात प्राणवायू उरला नव्हता. मैलापाणी शुद्धीकरण सुधारल्यावर तिथे मासे परतले. मेलेली नदी जगवता येते, याचा इतका ठळक पुरावा क्वचितच सापडतो.

२०१८ मध्ये गुलींनी १०० दिवसांत १०० मॅरेथॉनचा संकल्प सोडला. ६२ मॅरेथॉननंतर दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या मांडीचे हाड मोडले. उरलेले अंतर जगभरच्या समर्थकांनी आपापल्या गावी धावून भरून काढले.