जुना नकाशा व आमची भूमि

महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें उचितच होय. परंतु ज्या भूमीनें त्यांचें पोषण केलें तिचेंहि स्मरण करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. त्या कामीं सरकारी मोजणीच्या जुन्या नकाशासारखा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाहीं.

सर्व्हे ऑफ इंडिया हें खातें इ. स. १७६७ मध्यें स्थापन झालें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें एक इंचास एक मैल या प्रमाणाचे जे रंगीत नकाशे काढले, त्यांत आमची वसई ४७ ए या अंकाखालीं येते. पाणी निळें, शेती पिवळी, वस्ती तांबडी, उंचीच्या रेषा तपकिरी व लोहमार्ग काळा, अशी त्या नकाशांची भाषा आहे.

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीचें मुख म्हणजे वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, या चौकटींत आमचीं गांवें वसलेलीं आहेत. उंचीच्या रेषा पन्नास पन्नास फुटांच्या अंतरानें काढीत असत. डोंगराकडे त्यांची दाटी आहे. परंतु लोहमार्गाच्या पश्चिमेस, एखादी टेकडी सोडल्यास, त्यांचा मागमूसहि नाहीं. अर्थ उघड आहे. आमच्या वाड्या समुद्रसपाटीपासून पन्नास फूटहि उंच नाहींत, आणि डोंगरावरील पावसाला समुद्रास मिळण्यासाठीं आमच्याच दारावरून जावें लागतें.

इ. स. १८६४ मध्यें बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग वैतरणा व खाडी ओलांडून मुंबईस पोंचला. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, आणि मुंबईचा बाजार आमच्या भाजीपाल्यास व फुलांस जवळ आला. हा उपकार आम्ही विसरत नाहीं. मात्र त्याच मार्गानें पुढें मोठी वस्ती आली, आणि पाणी सामावून घेणारीं खाजणें भरावाखालीं जाऊं लागलीं. २०१८ च्या जुलैंत अतिवृष्टि झाली, तेव्हां नालासोपाऱ्यास रूळ बुडाले व वसईच्या मिठागरांत शेंकडों माणसें अडकून पडलीं. सर्व दोष पावसाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

आमच्या वाडवडिलांनीं हा नकाशा कधीं पाहिला नसेल. तरी पाण्याची वाट त्यांस ठाऊक होती, म्हणूनच त्यांनीं वाडीवाडींत बावखलें राखलीं. वाचकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ज्याच्या वाडींत बावखल अद्याप शिल्लक असेल त्यानें तें बुजवूं नये. महोत्सवाचें याहून चांगलें स्मारक आम्हांस सुचत नाहीं.